झेन डिझेलमध्ये येते

खालापूर
११ नोव्हेंबर २०२४

ती. मालनवहिनींना,
रामभाऊचा सप्रेम जय भीम.

दादा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला मी मोठ्यानं बोललो, हे मान्य. पण भन्तेजींसमोर तुम्हीही काही कमी बोलला नाहीत. शेवटी ताट सरकवून म्हणालात, "आता काय बोलायचं ते लिहून पाठवा. फोन करायचा नाय." तुम्हाला वाटलं असेल, कटकट मिटली. वहिनी, हे तुम्ही एका रिटायर पोस्टमनला म्हणालात. नोकरीभर खालापुरात दुसऱ्यांची पत्रं वाटली, मला स्वतःला आली ती लाईटबिलं. अशी संधी मी सोडतो होय?

मुद्दा एकच, दादांची झेन. ती मला द्या.

साधी झेन सगळ्यांनी पाहिली आहे. एके काळी कर्जतला डॉक्टरपासून किराणावाल्यापर्यंत प्रत्येकाच्या दारात ती उभी असायची. पण त्या सगळ्या पेट्रोलच्या. दादांची डिझेलची आहे आणि तिच्यात इंजिन फ्रेंच आहे. कंपनीनं अशा थोड्या काढल्या, लोकांनी त्याहून थोड्या घेतल्या, आणि घेतल्या त्यांनीही विकून टाकल्या. आज कर्जत-खालापूर तालुक्यात अशी दुसरी गाडी दाखवा, मी मिशी काढतो.

आणि ही गाडी तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात. फेब्रुवारीत तिला पंचवीस वर्षं होतील. तोवर कागद नवे करून पासिंग झालं नाही, तर भंगार. तुमचा नरेश तिला डबडं म्हणतो, त्याला क्लच नसलेली गाडी लागते. तुम्हाला चालवता येत नाही. उरलो मी.

दादा दवाखान्यात असताना मला स्वतः म्हणाले होते, "राम्या, माझ्यामागं हिला तूच बघ." मी शब्द दिला आहे.

उत्तर लिहा. पिनकोड विसरू नका.

आपला,
रामभाऊ


दहिवली
१९ नोव्हेंबर २०२४

रामभावजींना जय भीम.

पत्र मिळालं. तुमचे दादा "हिला बघ" म्हणाले ते माझ्याबद्दल म्हणाले असतील, अशी शंका तुम्हाला एकदाही आली नाही?

गाडी दुर्मीळ आहे हे मला शिकवू नका. दुर्मीळ म्हणजे जिचे पार्ट मिळत नाहीत. एक पट्टा तुटला तर हे कुर्ल्याच्या बाजारात दुकानं पालथी घालत फिरायचे, आणि मी इथे जेवण झाकून बसायची. शिवाय निवडून घेतल्याचा जो तोरा तुम्ही दोघं मिरवायचात, तो तर सोडाच. गाडी घेताना मी ह्यांच्यासोबत होते. हे पेट्रोलचीच घ्यायला गेले होते. तिला नंबर लावावा लागत होता. कोपऱ्यात ही एक धूळ खात उभी होती, कुणी घेईना म्हणून लगेच मिळत होती. ह्यांनी हार घालून आणली. इंजिन फ्रेंच आहे हे पुढे मेकॅनिकनं सांगितलं. त्या दिवसापासून मात्र ह्यांचे पाय जमिनीला लागले नाहीत.

गाडी तुम्हाला मिळणार नाही. दीर वारस नसतो, मी विचारून आले. वारस मी आणि नरेश. नरेशनं हरकत नसल्याची सही दिली की गाडी माझ्या नावावर होते. तो देत नाही. म्हणतो, "आई, तुला काय करायचीय? येतं का तुला चालवता?" घर ह्यांनी त्याच्या नावावर केलं, जमीन तुम्हा भावांच्या नावावर. अंगणवाडीत मी एवढी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची नावं लिहिली. माझ्या नावावर एक सायकलसुद्धा नाही, भावजी. म्हणून मला ती हवी आहे. आता खूश?

एक विचारायचं होतं. सुनेला, अपेक्षाला, गाडी चालू करून बघायची हौस आली आहे. बॅटरी नवी आहे, तरी नरेशनं चावी फिरवली की नुसती कण्हते. चालू कशी करायची हे ठाऊक असेल तर लिहा. नसेल तर नाही असं लिहा, तेही चालेल.

मालन


खालापूर
२७ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनींना जय भीम.

ठाऊक नसेल तर? वहिनी, त्या गाडीला माझ्याइतकं दादाही ओळखत नव्हते.

नरेश चूक करतो आहे, कारण तो तिला पेट्रोलची समजतो. अपेक्षाला सांगा, चावी अर्धीच फिरवायची. समोर पिवळा दिवा लागतो, जिलबीचं वेटोळं असतं तसा. तो लागला की थांबायचं. चावीला हात लावायचा नाही, पाय दाबायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. आत इंजिन गरम होत असतं. जिलबी विझली की मग चावी पूर्ण. एका झटक्यात चालू नाही झाली तर माझं नाव बदला.

चालू झाल्यावर ती खडखडेल. शेजारी म्हणतील पिठाची गिरणी घातली का. म्हणू द्या.

आता पुढचं. पाय सोडताना अ‍ॅक्सिलेटर लागतच नाही, नुसत्या क्लचवर ती बैलासारखी पुढे सरकते. घाटात तिसरा गिअर. उतारावर कधीही न्यूट्रल करायचं नाही. अपेक्षा हुशार आहे, पण तिला सांभाळून राहायला सांगा. ही गाडी वेगळी आहे, बायकामाणसाला एकदम झेपायची नाही. म्हणून तर दादा तुम्हाला स्टेअरिंगला हात लावू देत नव्हते. तुमच्या भल्यासाठीच.

सुनेला गोडी लागली तर चांगलंच. पण शेवटी तीही नवीन गाडीच मागेल बघा, आणि मग झेन माझ्याकडे येईल. मी वाट बघायला तयार आहे.

आपला,
रामभाऊ


दहिवली
२१ डिसेंबर २०२४

रामभावजींना जय भीम.

उशीर झाला. सहा तारखेला दादरला जाऊन आले, आणि दुसरीही कामं होती.

तुमची जिलबी विझली आणि गाडी चालू झाली. कोंबड्या पळाल्या त्या दुपारपर्यंत आल्या नाहीत. शेजारची जना धावत आली, तिला वाटलं बोअरवेल मारतोय.

अपेक्षा विचारते, पुलाच्या चढावर थांबून परत निघताना गाडी मागे येते, तेव्हा हँडब्रेक आधी सोडायचा की क्लच? आणि रिव्हर्सला मान वळवायची की आरसा बघायचा? तिची मान आखडते.

इकडची बातमी चांगली नाही. नरेश सही देत नाही म्हणजे नाही. वर त्यानं भंगारवाल्याला बोलावलं आहे, तीस तारखेला, सोमवारी. म्हणतो, अंगण मोकळं होईल, घराच्या कामाच्या तुळया ठेवता येतील. मी त्याचं काय ते बघते. रविवारी मात्र घरी कुणीच नाही, जनाच्या नातवाचं नाव ठेवायला सगळ्यांना कळंबला जायचं आहे.

आणि भावजी, तुमचं अक्षर एवढं मोठं कधीपासून झालं? पूर्वी पोस्टकार्डावर तुम्ही गावाचा इतिहास बसवायचात. आता एका पानात चार ओळी. कागद फुकट येतो का पोस्टातून?

मालन


खालापूर
३० डिसेंबर २०२४, सकाळ

ती. वहिनींना,

हे पत्र पोस्टानं नाही, कर्जतला निघालेल्या टेंपोवाल्याच्या हाती देतो आहे. फोन मी बंद ठेवला आहे. का, ते तुम्हाला अंगण बघून कळलं असेल.

गाडी मी नेली. चोरी म्हणू नका. पोस्टाच्या भाषेत याला पत्ता बदलून पाठवणं म्हणतात. तुमचं पत्र वाचल्यापासून झोप नव्हती. सोमवारी भंगारवाला येणार, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही बारशाला जाणार, आणि हे सगळं तुम्ही मला लिहिता. मला वाटलं, वहिनी उघड सांगू शकत नाहीत, पण सुचवत आहेत की रामभाऊ, घेऊन जा. दादांनी दिलेली दुसरी चावी माझ्याकडे होतीच. काल आलो, ताडपत्री काढली, जिलबी विझेपर्यंत थांबलो आणि निघालो. मुद्दाम हळू चालवली.

इथपर्यंत माझं काहीच चुकलं नाही.

काटा खाली होता म्हणून कर्जतच्या बाहेर पंपावर घेतली. पोऱ्याला म्हटलं, "टाकी फुल कर." तेवढ्यात मागचा स्कूटरवाला म्हणाला, "काका, आवाज असा का येतोय? बिघडली हाय का?" वहिनी, असं कुणी विचारल्यावर माणसानं गप्प बसावं? मी उतरलो. म्हटलं, "बिघडली नाय, फ्रेंच हाय." तो म्हणाला, "झेन डिझेलमदी येते?" म्हटलं, "सगळ्या नाय येत, ही येते." मग त्याला सुरुवातीपासून सगळं सांगितलं. कंपनी, फ्रान्स, थोड्याच काढल्या, दादांनी कशी निवडून आणली, सगळं. तो भला माणूस होता, ऐकत होता. आणखी दोघं जमले. मी झेन डिझेलमध्ये येते हे तिघांना पटवून मागे वळलो, तेव्हा पोऱ्यानं टाकी पेट्रोलनं भरून झाकण लावलं होतं.

हे मला तेव्हा कळलं नाही. केळवलीला कळलं. आधी ती टणटण वाजायला लागली, मग धूर, मग बंद. झाकण उघडून वास घेतला आणि रस्त्याच्या कडेला बसलो. तेलही गेलं, तूपही गेलं म्हणतात, ती आमची अवस्था.

गाडी कोंडीबाईच्या वडापावच्या टपरीमागे ढकलून ठेवली आहे. कोंडीबाई म्हणाली, "मामा, उद्याच्याला हलवा, नायतर मी तिच्यात कोंबड्या बसवीन." इंजिन गेलं असेल तर ते परत मिळणार नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. दादांची गाडी मी मारली, वहिनी. तुम्ही म्हणाल ती शिक्षा मान्य.

रामभाऊ


दहिवली
२ जानेवारी २०२५

रामभावजींना जय भीम.

काल कोरेगावला जाऊन आले, आज लिहिते. आता बसून वाचा.

इंजिन गेलं नाही. सोमवारी तुमचा टेंपोवाला आला तेव्हा मी चपला घालून पोलिसात निघाले होते. पत्र वाचलं आणि पोलिसांऐवजी जगदीश मेकॅनिकला घेतलं. अपेक्षानं ऑफिसला दांडी मारली. केळवलीला जाऊन जगदीशनं टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, डिझेल भरलं. आतली हवा काढायला एक हातपंप असतो, तो अपेक्षानं दाबला. कोंडीबाई म्हणाली, "मामांनी माझ्याकडचे सगळे वडे खाल्ले आन रडत होते." ते तुम्ही लिहिलं नाहीत.

मग चावी अर्धी फिरवली. जिलबी विझली. चालू झाली.

जगदीशनं विचारलं, "घरापर्यंत मी आणू का?" मी म्हटलं, नको.

भावजी, पुलावर मागे येणारी अपेक्षा नव्हती. मी होते. दिवाळी झाल्याझाल्या मी कर्जतच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. सासष्टाव्या वर्षी. शिकवणारा मला आजी म्हणायचा, आणि मी गिअर टाकला की आपला जीव मुठीत धरायचा. तुमची पत्रं मी त्याला वाचून दाखवत होते. तो म्हणाला, "हे काका भारी शिकवतात, यांचा क्लास कुठं हाय?" नाताळच्या आधी पक्कं लायसन्स झालं. घरात फक्त अपेक्षाला माहीत होतं.

केळवली ते दहिवली मी आणली. आणि खरं सांगू? मला फार राग आला. पंचवीस वर्षं तुम्ही दोघा भावांनी मला सांगितलं, ही गाडी वेगळी आहे, हिचं इंजिन वेगळं आहे, तुला झेपायची नाही. भावजी, ती साधी गाडी आहे. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलेटर. जिलबी विझेपर्यंत थांबायचं, एवढाच काय तो फरक, आणि थांबायला मला कुणी शिकवायला नको होतं. पळसदरीपर्यंत मी ह्यांच्याशी मनातल्या मनात भांडत आले. पळसदरीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि मला मजा यायला लागली. मग मी भांडले नाही.

अंगणात नरेश आणि भंगारवाला दोघं उभे. गाडी चोरीला गेली म्हणून नरेश खुशीत होता, भंगारवाल्याला ते सांगायला ऑफिसातून लवकर आला होता. मला स्टेअरिंगवर बघून तो दोन पावलं मागे सरला. मी काच खाली केली. इंजिन बंद केलं नाही. म्हटलं, "आधी सही."

तो म्हणाला, "आई, इंजिन तरी बंद कर, लोकं बघतायत." म्हटलं, बघू देत. खडखडाटानं सगळी आळी बाहेर आली. जना जावयाला घेऊन आली. भंगारवाला मला म्हणाला, "ताई, चालू गाडी मी घेत नाय, आमच्यात नियम हाय," आणि निघून गेला. अपेक्षानं घरातून कागद आणि पेन आणलं. नरेशनं बॉनेटवर ठेवून सही केली. सही थरथरल्यासारखी आली आहे. ती इंजिनामुळे, असं आपण म्हणू.

आता तुमचं. पंपवाल्या पोऱ्यावर ढकलू नका. झाकणावर ह्यांनी लाल रंगानं डिझेल लिहिलेलं पुसट झालं आहे, हे कबूल. पण पंपाच्या मशीनवर हाताएवढ्या अक्षरांत पेट्रोल लिहिलेलं असतं, आणि पैसे देताना तुम्ही तिच्यासमोरच उभे होतात. तुम्हाला ते दिसलं नाही. अक्षर मोठं होत चाललंय तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. डोळे कधीपासून गेलेत? आणि तसल्या डोळ्यांनी तुम्ही कर्जतहून गाडी काढलीत? उंटावरच्या शहाण्याला निदान उंट तरी दिसतो.

दुसरी चावी परत पाठवा. रजिस्टरनं.

मालन


खालापूर
१२ जानेवारी २०२५

ती. वहिनींना जय भीम.

चावी या लिफाफ्यात आहे.

मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. उजवा पिकला आहे. कुणाला सांगितलं नाही, कारण पोस्टमनला पत्ता वाचता येत नाही हे ऐकून लोक हसले असते. तुमची पत्रं शेजारची सुंदरा मला मोठ्यानं वाचून दाखवते. उंटाचं वाक्य तिनं दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा ओट्यावर जाऊन. आता आळीतली पोरं मला उंटकाका म्हणतात.

लायसन्सचं ऐकलं तेव्हा मी सुंदराच्या हातून पत्र काढून घेतलं. सुंदराला वाटलं, मला राग आला. राग नाही आला. लाज वाटली. ते बायकामाणसाचं वाक्य मी लिहिलं होतं, आणि तुम्ही ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वाचून दाखवलंत.

एक खरं सांगतो. गाडी मला हवी होती, पण चालवायला नाही. रविवारी दादा खालापूरला यायचे तेव्हा तो खडखडाट नाक्यापासून ऐकू यायचा आणि मी चहा टाकायचो. ते गेल्यापासून मला राम्या म्हणणारं या जगात कोणी उरलं नाही. निदान आवाज तरी दारात असावा, एवढंच मनात होतं. मला दादांची फार आठवण येते, वहिनी.

पनवेलच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, दहा फेब्रुवारी. सोबत माणूस आणा म्हणतात. नरेशला सुट्टी मिळेल का विचाराल? आणि ऑपरेशन होऊन नीट दिसायला लागल्यावर मला एकदा, फक्त चौकपर्यंत, चालवू द्याल?

आपला,
रामभाऊ


दहिवली
५ फेब्रुवारी २०२५

रामभावजींना जय भीम.

काल गाडीचं पासिंग झालं. तपासणारे साहेब तरुण होते. बॉनेट उघडून म्हणाले, "आजी, यात पेट्रोलचं इंजिन नाही." म्हटलं, माहीत आहे. ते म्हणाले, "झेन डिझेलमध्ये येते?" माझ्या तोंडाशी फ्रान्स आलं होतं. पण मागे रांग होती आणि तुमचं उदाहरण ताजं होतं. नुसतं हो म्हटलं.

आज गाडीच्या पुस्तकावर माझं नाव चढल्याचा मेसेज आला. मालन आबाजी सोनावळे. अपेक्षानं मोबाईलवर दाखवलं. मी चष्मा पुसून परत वाचलं, मग जनाला दाखवलं, मग नरेशला. तो म्हणाला, "बरं झालं." मला एवढा आनंद माझ्या लग्नात झाला नव्हता. ह्यांना हे ऐकवायला हवं होतं.

तुमचं मागचं पत्र वाचून मला रडू आलं. पण राम्या मी म्हणणार नाही. सुंदरा हे ओट्यावर जाऊन वाचेल.

नरेशला सुट्टी मागितली नाही. सोमवारी सकाळी मी येते. नाक्यापासून आवाज ऐकू येईल, तेव्हा चहा टाकत बसू नका, चपला घालून दारात उभे राहा.

चौकपर्यंत चालवू देईन का, असं विचारलंत. नाही. डोळे बरे झाले तरी नाही. तुम्हाला येत नाही म्हणून नव्हे, आणि मला राग आहे म्हणूनही नव्हे. गाडी माझी आहे आणि मला ती चालवायला आवडते.

जनाची मुलगी पनवेलला असते, म्हणून तीही येणार आहे. पुढची सीट तिनं आधीच मागून घेतली. तुम्ही मागे बसा.

मालन